अबोलीची किल्ली

फुकट मिळालेली वस्तू कुणाला आवडत नाही? भाजीवालीने भाजीवर चार मिरच्या आणि कोथिंबिरीच्या दोन काड्या टाकल्या, तरी मन प्रसन्न होते. पण फुकट मिळालेल्या वस्तूची आपण फारशी काळजी घेत नाही. विकत घेतलेल्या वस्तूची पावती आपण जपून ठेवतो. फुकटच्या वस्तूला पावतीच नसते, मग जपायचे काय? माझ्या थोरल्या बहिणीने मात्र फुकट मिळालेली एक वस्तू दहा वर्षे जपली. ती वस्तू डोळ्यांना दिसत नव्हती की हातात धरता येत नव्हती. ती होती आमच्या घरच्या संगणकाला मिळालेली एक परवानगी.

ताई सोलापुरात आमच्या घरीच टंकलेखनाची कामे करते. पुढच्या खोलीत खिडकीजवळ तिचे टेबल आहे. सकाळी घरची कामे आटोपली, की ती त्या टेबलाशी बसते. गल्लीतल्या लोकांचे अर्ज, महाविद्यालयातल्या मुलामुलींचे प्रकल्प, लग्नपत्रिकांचा मजकूर अशी नाना प्रकारची कामे तिच्याकडे येतात. शेजारच्या खाला निवृत्तिवेतनाचा अर्ज लिहून घ्यायला येतात, तेव्हा चहा घेतल्याशिवाय ताई त्यांना जाऊ देत नाही. लोक आपले दाखले, गुणपत्रिका आणि ओळखपत्रे विश्वासाने तिच्या हाती देतात. तिच्या कामाचे खरे भांडवल म्हणजे हा विश्वास.

२०११ साली ताईने आपल्या बचतीतून एक संगणक घेतला. बोलल्याशिवाय मुकाट्याने काम करतो, म्हणून तिने त्याचे नाव ठेवले 'अबोली'. हे नाव नुसते कौतुकाचे नव्हते. संगणकाला नाव देण्याची सोय असते. ताईने तिथेही इंग्रजी अक्षरांत 'अबोली' असेच नाव लिहिले. पुढे या नावाने मोठेच काम केले, पण ते नंतर सांगतो.

संगणक म्हणजे नुसते पत्र्याचे खोके, तारा आणि पडदा. त्याला कामाला लावते ती कार्यप्रणाली. तिलाच आपण ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतो. घरात पीठ असावे, डाळ असावी, भांडी असावीत, पण स्वयंपाक करणारे कुणी नसावे; कार्यप्रणाली नसलेल्या संगणकाची अवस्था अशी असते. अबोलीवर विंडोज ७ ही कार्यप्रणाली होती. ती ताईने रीतसर पैसे देऊन, पावती घेऊन विकत घेतली होती. तिच्याबरोबर एक छोटी चिठ्ठी मिळाली होती. त्या चिठ्ठीवर इंग्रजी अक्षरे आणि आकडे मिळून पंचवीस चिन्हे होती. पाच-पाच चिन्हांचे पाच गट. ही त्या विंडोजची किल्ली. ही किल्ली संगणकात लिहायची, इंटरनेटवरून ती खरी आहे याची खात्री केली जाते आणि मग विंडोज 'सक्रिय' होते. यालाच इंग्रजीत ॲक्टिव्हेशन म्हणतात.

पूर्वी ही भानगड नव्हती. एका तबकडीवरून दहा संगणकांत विंडोज भरली, तरी कुणाला पत्ता लागत नसे. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली आणि मायक्रोसॉफ्ट कंपनीने सर्वसाधारण ग्राहकांसाठी ही खात्री करून घेण्याची पद्धत सुरू केली. एक परवानगी एका संगणकासाठी, असा त्यामागचा हिशेब. ताईने ती चिठ्ठी एका निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत चिकटवली आणि खाली दुकानाच्या पावतीचा क्रमांक लिहून ठेवला.

२०१५ साली एक नवीनच गोष्ट घडली. अबोलीच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात एक लहानसे पांढरे चिन्ह दिसू लागले. त्यावर टिचकी मारली, की विंडोज १० मोफत मिळणार असल्याची सूचना येई. विंडोज १० ही नवी आवृत्ती २९ जुलै २०१५ रोजी बाहेर पडली होती. ज्यांच्याकडे खरी विंडोज ७ किंवा ८.१ आहे, त्यांना ती एक वर्षभर विनामूल्य मिळणार होती. मला फार आनंद झाला. मी म्हणालो, "ताई, नवी विंडोज फुकट मिळतेय! घेऊन टाक ना!"

ताई म्हणाली, "थांब जरा. फुकट मिळतेय म्हणून घाई कशाला? आधी माहिती काढू."

तिने ओळखीच्या एका संगणक शिक्षकांना विचारले. सर्व कामांच्या प्रती काढून वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवल्या. दिवाळीची गर्दी सरली, हातातली कामे संपली आणि मग डिसेंबर महिन्यातल्या एका रविवारी तिने होकार दिला. अबोलीने दुपारभर खटाटोप केला. दोन-तीनदा ती आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाली. संध्याकाळी पडदा उजळला, तेव्हा नवी विंडोज आली होती. आमचे फोटो, ताईची कामे, सारे काही जागच्या जागी होते.

मी खूश झालो, पण ताई विचारात पडली. ती म्हणाली, "सगळं ठीक आहे. पण याची किल्ली कुठे आहे?"

खरेच की! नव्या विंडोजबरोबर चिठ्ठी आली नव्हती. पंचवीस चिन्हांची नवी किल्ली कुणी दिली नव्हती. तरीही सेटिंग्जमध्ये पाहिले, तर विंडोज सक्रिय असल्याचे स्पष्ट लिहिलेले होते. किल्लीशिवाय कुलूप उघडले कसे?

ताईने पुन्हा त्या शिक्षकांना गाठले. त्यांनी समजावून सांगितलेली गोष्ट मला अजून आठवते. ते म्हणाले, "असं बघा, पूर्वी तुमच्याकडे किल्ली होती. आता किल्लीऐवजी ओळख आहे. तुमच्या संगणकातल्या भागांवरून एक खूण तयार होते. ती खूण कंपनीच्या दूरच्या संगणकांवर नोंदवून ठेवलेली असते. तुमचं मशीन इंटरनेटवरून विचारतं, 'मला ओळखलंत का?' तिकडून उत्तर येतं, 'हो, ओळखलं.' झालं काम!"

या नोंदीला कंपनीने आधी एक नाव दिले होते, पुढे २०१६ मध्ये ते बदलून 'डिजिटल लायसन्स' असे केले. आपण तिला डिजिटल परवाना म्हणू. हा परवाना कागदावर नसतो. तो माणसाच्या नावावरही नसतो, तर त्या यंत्राच्या ओळखीशी जोडलेला असतो. त्या ओळखीत सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे मदरबोर्ड. संगणकाच्या पोटात जी मोठी हिरवी किंवा काळी पाटी असते आणि जिच्यावर बाकीचे सगळे भाग बसवलेले असतात, ती पाटी म्हणजे मदरबोर्ड. माणसाने कपडे बदलले, चष्मा बदलला, तरी आपण त्याला चेहऱ्यावरून ओळखतो. संगणकाचा चेहरा म्हणजे हा मदरबोर्ड.

ताईने लगेच विचारले, "आणि चेहराच बदलला तर?"

शिक्षक हसले. म्हणाले, "मग ओळख पटवून द्यावी लागेल. त्याची तजवीज आधीच करून ठेवा."

ती तजवीज करण्याची सोय २०१६ च्या ऑगस्टमध्ये आली. त्या वेळच्या मोठ्या सुधारणेनंतर हा डिजिटल परवाना आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडता येऊ लागला. म्हणजे आता यंत्राची ओळख आणि माणसाचे खाते यांची गाठ बांधता येणार होती. ताईने त्याच आठवड्यात ते काम केले. मग तिने निळी वही काढली आणि नवे पान उघडून नोंद केली: कोणती विंडोज, तर विंडोज १०, कोणती आवृत्ती, तर होम, संगणकाचे नाव अबोली, खाते कोणत्या ई-मेलचे आणि खात्याला कोणता मोबाइल क्रमांक जोडला आहे. पासवर्ड मात्र तिने वहीत लिहिला नाही. "घराचा पत्ता पाटीवर लिहावा, किल्ली पाटीला टांगू नये," असे ती म्हणाली.

या नोंदीतला 'होम' हा शब्द आम्हांला पहिल्यांदा उपयोगी पडला. विंडोजच्या निरनिराळ्या आवृत्त्या असतात. घरगुती वापरासाठी 'होम' आणि व्यवसायासाठी 'प्रो'. अबोलीवर विंडोज ७ ची घरगुती आवृत्ती होती, म्हणून मोफत मिळालेली विंडोज १० ही सुद्धा होमच होती. २०१७ मध्ये अबोलीची हार्ड डिस्क बिघडली. हार्ड डिस्क म्हणजे संगणकाचे कपाट. सर्व माहिती तिच्यात राहते. दुरुस्ती करणाऱ्या दादांनी नवी डिस्क बसवली आणि आपल्या पेनड्राइव्हमधून विंडोज १० भरून दिली. घरी आणल्यावर पाहतो, तो पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली फिकट अक्षरांत एक ओळ उमटलेली: 'ॲक्टिव्हेट विंडोज'.

मी म्हणालो, "ताई, मदरबोर्ड तर तोच आहे. मग ओळख का पटत नाही?"

ताईने वही उघडली, सेटिंग्ज उघडल्या आणि दोन्हींकडे आळीपाळीने पाहिले. सेटिंग्जमध्ये 'प्रो' असे लिहिलेले होते आणि वहीत 'होम'. दादांच्या पेनड्राइव्हमध्ये प्रो आवृत्ती होती, तीच त्यांनी भरली होती. परवाना होमचा आणि विंडोज प्रो! दुसऱ्या वर्गाचे तिकीट घेऊन पहिल्या वर्गाच्या डब्यात बसल्यासारखे ते झाले होते. प्रवासी खरा, तिकीट खरे, पण डबा चुकलेला.

ताईने दादांना शांतपणे समजावून सांगितले. त्यांनी पुन्हा होम आवृत्ती भरली. भरताना संगणकाने किल्ली मागितली, तेव्हा 'माझ्याकडे किल्ली नाही' या पर्यायावर टिचकी मारली. इंटरनेट जोडल्यावर थोड्याच वेळात विंडोज आपोआप सक्रिय झाली. कपाट नवे होते, पण चेहरा जुनाच होता, त्यामुळे अबोली ओळखली गेली. ताईने तिला पुन्हा तेच नाव दिले, खात्याशी पुन्हा गाठ बांधली आणि वहीत तारीख टाकली.

खरी परीक्षा पुढे होती. २०१९ च्या जून महिन्यात मृगाचा पहिला पाऊस आला तो विजांच्या कडकडाटासह. घरातला दिवा एकदम भगभगला आणि विझला. वीज परत आली, तरी अबोली काही उठेना. बटण दाबले, पंखा फिरला नाही, दिवा लागला नाही. तो शनिवार होता. एका विद्यार्थिनीचा प्रबंध ताईकडे होता आणि सोमवारी सकाळी तो सादर करायचा होता. ती मुलगी दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी तरळत होते.

दादा आले. त्यांनी खोके उघडले, निरनिराळे भाग तपासले आणि मान हलवली. "ताई, मदरबोर्ड गेला. बाकी सगळं ठीक आहे. डिस्क शाबूत आहे." त्यांनी दुकानातून दुसरा मदरबोर्ड आणून बसवला. रात्री नऊच्या सुमारास अबोली सुरू झाली. प्रबंध जसाच्या तसा होता. त्या मुलीने सुटकेचा निःश्वास टाकला. मात्र पडद्याच्या कोपऱ्यात ती फिकट ओळ पुन्हा आली होती. या वेळी खरोखरच चेहरा बदलला होता.

दादा म्हणाले, "ताई, काळजी करू नका. माझ्याकडे एक छोटा प्रोग्राम आहे. तो चालवला, की ही ओळ जाते. दोनशे रुपये द्या, पाच मिनिटांत करतो. सगळे तेच करतात."

दादा मनाने वाईट नव्हते. रात्र झाली होती, बाईमाणसाचे काम अडू नये, अशीच त्यांची भावना होती. नवा परवाना विकत घ्यायचा, तर काही हजार रुपये लागले असते. दोनशे रुपयांत काम होत असेल तर का नाही, असे कुणालाही वाटले असते.

ताईने विचारले, "दादा, तो प्रोग्राम कुणी तयार केलाय?"

"ते काही माहीत नाही. नेटवर मिळतो."

"आणि तो चालवताना काय करावं लागतं?"

"काही नाही. फक्त तेवढ्यापुरता अँटिव्हायरस बंद करायचा. नाहीतर तो प्रोग्राम चालू देत नाही."

ताई म्हणाली, "म्हणजे अनोळखी माणसाला घरात घ्यायचं आणि त्यासाठी पहारेकऱ्याला सुट्टी द्यायची! दादा, या संगणकात फक्त माझी कामं नाहीत. अर्ध्या गल्लीचे दाखले आहेत, ओळखपत्रं आहेत. उद्या काही झालं, तर लोकांना मी कोणत्या तोंडानं सांगू?"

दादा गप्प झाले. मग ते म्हणाले, "मग राहू द्या तसंच. ओळ दिसेल तेवढीच. टायपिंग थोडंच अडतंय?"

त्यांचे म्हणणे चूक नव्हते. विंडोज सक्रिय नसली, तरी संगणक बंद पडत नाही. मजकूर लिहिता येतो, छापता येतो. पडद्यावरचे चित्र किंवा रंग बदलता येत नाहीत आणि ती सूचना डोळ्यांसमोर राहते, एवढेच. पण ताईला ते पटले नाही. ती म्हणाली, "माझी परवानगी खरी आहे. मी ती मागून घेतली नाही, त्यांनी स्वतःहून दिली आणि मी ती रीतसर घेतली. मग माझ्या खऱ्या गोष्टीवर खोटेपणाचा डाग का राहू द्यायचा?"

त्या रात्री प्रबंधाची शेवटची पाने पुरी करून ताईने त्या मुलीला घरी पाठवले. रविवारी सकाळी तिने निळी वही काढली. सेटिंग्जमध्ये 'अपडेट अँड सिक्युरिटी' आणि त्यात 'ॲक्टिव्हेशन' असा भाग होता. तिथे अडचण सोडवण्यासाठी 'ट्रबलशूट' असा पर्याय होता. तो निवडल्यावर संगणकाने काही वेळ शोध घेतला आणि सक्रिय करता येत नसल्याचे सांगितले. पण त्याच चौकटीत खाली एक ओळ होती. तिचा अर्थ असा, की 'मी नुकताच या संगणकाचा भाग बदलला आहे'. ताईने तिथे टिचकी मारली. खात्याचा ई-मेल विचारला गेला. तो वहीत होता. पासवर्ड तिच्या लक्षात होता. मग खात्री करण्यासाठी मोबाइलवर एक सांकेतिक क्रमांक आला. मोबाइलचा क्रमांक मध्ये एकदा बदलला होता, पण ताईने त्याच वेळी खात्यातही तो बदलला होता. वहीत जुना क्रमांक खोडून नवा लिहिलेला दिसत होता.

आता पडद्यावर संगणकांची यादी आली. यादीत दोन नावे होती. एक नाव आमच्या मावसभावाच्या जुन्या लॅपटॉपचे. त्याने काही दिवस ताईच्याच खात्यावर काम केले होते. ते नाव म्हणजे नुसती अक्षरे आणि आकडे होते, कारण त्याने लॅपटॉपला नाव दिलेच नव्हते. दुसरे नाव होते 'अबोली'.

ताईने अबोलीवर खूण केली. 'सध्या मी हाच संगणक वापरत आहे' अशा अर्थाच्या चौकटीत दुसरी खूण केली आणि बटण दाबले. आम्ही दोघेही श्वास रोखून पाहत होतो. काही क्षण गेले. पडदा बदलला. विंडोज सक्रिय झाली होती आणि तिचा डिजिटल परवाना ताईच्या खात्याशी जोडलेला असल्याचे तिथे लिहिले होते. कोपऱ्यातली फिकट ओळ नाहीशी झाली.

सोमवारी दादा मदरबोर्डचे उरलेले पैसे घ्यायला आले. पडदा पाहून त्यांना आश्चर्य वाटले. ते म्हणाले, "हे कसं केलंत? मला दाखवा बरं." ताईने त्यांना सारी रीत दाखवली. दादांनी ती आपल्या डायरीत लिहून घेतली. पुढे ते आम्हांला भेटले, की सांगत, "ताई, आता मदरबोर्ड बदलण्याआधी मी गिऱ्हाइकाला पहिल्यांदा विचारतो, खातं जोडलंय का? मशीन चालू असतानाच जोडून घ्या म्हणतो." चांगले ज्ञान दिव्यासारखे असते. एका दिव्याने दुसरा लावला, तरी पहिल्याचा उजेड कमी होत नाही.

या प्रसंगानंतर माझ्या मनात एक प्रश्न घोळत राहिला. आपल्या घरातला संगणक आपला आहे की नाही, हे हजारो मैलांवरच्या कुणी का ठरवावे? त्यांची नोंद पुसली गेली, आपले इंटरनेट बंद पडले, तर खऱ्या माणसानेही खोटे ठरायचे का? मी हे ताईला बोलून दाखवले.

ती म्हणाली, "तुझं म्हणणं खरं आहे. यंत्र आपलं असतं, पण विंडोज आपल्या मालकीची होत नाही. तिचा वापर करायची फक्त परवानगी मिळते. भाड्याच्या घरासारखं आहे ते. घरमालकाच्या वहीत नोंद असली, तरी आपल्या वहीतही असावी. दोन वह्या असल्या, की भांडण होत नाही."

मला ते उत्तर पूर्णपणे पटले असे नाही. पण त्यातली एक गोष्ट मनात रुतून बसली. दुसऱ्याच्या नोंदीवर आपला हक्क अवलंबून असेल, तर आपली नोंद अधिक चोख असली पाहिजे.

ती मोफत देणगीही कायमची नव्हती. वर्षाची मुदत २९ जुलै २०१६ रोजी संपली. त्यानंतरही जुन्या विंडोज ७ च्या किल्लीवर नवी विंडोज सक्रिय होत असे. हा मार्ग बंद केल्याचे कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. ज्यांनी आधीच रीतसर परवाना मिळवला होता, त्यांचा परवाना मात्र त्यामुळे गेला नाही. दार बंद झाले, तरी आत आलेल्यांना कुणी बाहेर काढले नाही.

मग आणखी एक वळण आले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ कंपनीने थांबवला. याचा अर्थ अबोली त्या दिवशी बंद पडली असा नाही. विंडोज सक्रिय असल्याचे वाक्य तिच्या पडद्यावर पूर्वीसारखेच दिसत होते. पण 'सक्रिय' आणि 'सुरक्षित' हे दोन वेगळे शब्द आहेत. परवाना सांगतो, की तुम्हांला या घरात राहण्याचा हक्क आहे. घराच्या भिंतीला पडलेली भेग बुजवायला गवंडी येणार की नाही, हे परवाना सांगत नाही. २०२१ साली आलेली विंडोज ११ हीसुद्धा विंडोज १० वाल्यांना मोफत दिली गेली; परंतु तिच्या अटी पुऱ्या करणारे भाग अबोलीत नव्हते. तिचे वय झाले होते.

ताईने या वेळीही घाई केली नाही आणि चालढकलही केली नाही. सहा महिने आधीपासून पैसे साठवून तिने दुसरा संगणक घेतला. लोकांचे दाखले आणि ओळखपत्रे अबोलीवरून काढून घेतली. अबोलीची इंटरनेटची तार काढून ठेवली. आता गल्लीतल्या मुली संध्याकाळी तिच्यावर टंकलेखनाचा सराव करतात. नुसत्या सरावाला इंटरनेट लागत नाही आणि दुसऱ्याची गुपितेही तिच्याजवळ उरलेली नाहीत.

फुकट या शब्दाचा अर्थ ताईने मला शब्दकोशाबाहेर शिकवला. फुकट म्हणजे किंमत नसलेले नव्हे. पैशांऐवजी लक्ष, शिस्त आणि प्रामाणिकपणा अशा दुसऱ्या कुठल्या तरी रूपात त्याची किंमत द्यावी लागते. ती किंमत देण्याची तयारी नसली, की फुकट मिळालेली वस्तू हातातून निसटते आणि मग माणूस दोनशे रुपयांची खोटी वाट शोधू लागतो.

ताईकडे नवी मुलगी शिकायला आली, की ती मुलगी आधी कळफलकाला हात लावायला बघते. ताई तिला थांबवते. एक कोरी वही पुढे करते आणि म्हणते, "आधी लिही. यंत्राचं नाव काय, त्यावर काय आहे, ते कुठून मिळालं आणि कोणत्या नावावर आहे. हे चार धडे झाले, की मग बोटं चालव."